पाच पन्नासची फाईल

संध्याकाळचे सहा वाजले की आमच्या वाईजवळच्या घराच्या माळ्यावरचा एक छोटा संगणक कामाला लागतो. सकाळी सातपर्यंत तो दर अर्ध्या तासाला सहा मिनिटं रेडिओ ऐकतो, ऐकलेलं डिस्कवर लिहितो आणि पुन्हा गप्प बसतो. गच्चीवर तारेचं एक वेटोळं उभं केलंय, तो त्याचा अँटेना. मी पुण्यात असते, नोकरी सॉफ्टवेअरची. शनिवारी घरी गेले की चहा घेऊन आठवडाभराच्या रात्री उघडते. आई या सगळ्या प्रकाराला ‘तुझं ते लुकलुकणारं खोकं’ म्हणते.

या छंदाला डीएक्सिंग म्हणतात. ‘डीएक्स’ ही तारायंत्र चालवणाऱ्यांची जुनी खूण, अर्थ ‘अंतर’. खेळ साधा आहे. जे स्टेशन तुमच्यासाठी लावलेलंच नाही ते पकडायचं, कुठलं आहे ते ओळखायचं आणि पुरावा ठेवायचा. ‘ॲपवर जगातलं कुठलंही स्टेशन दोन सेकंदांत लागतं, मग हा उपद्व्याप कशाला?’ असं मला दर पंधरा दिवसांनी कुणीतरी विचारतं. मी हसून विषय बदलायचे, कारण मला स्वतःलाच धड उत्तर माहीत नव्हतं. गेल्या डिसेंबरात माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीने ते दिलं. पण चूक सांगण्याआधी रात्रीबद्दल, आणि माझ्याआधी ज्यांनी रात्री साठवल्या त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

रात्रच का?

रेडिओवरच्या मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात आणि शे-दोनशे किलोमीटरांत दमतात. आकाशाकडे गेलेला त्यांचा भाग फुकट जातो, कारण साधारण साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर उन्हामुळे तयार झालेला एक थर त्यांना शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर जवळजवळ विरून जातो. त्याच्या वरचे थर मात्र रात्रीही टिकतात आणि लहरी त्यांच्यावरून वळून शेकडो-हजारो किलोमीटर लांब जमिनीवर उतरतात. ११ डिसेंबर १९२४च्या रात्री एडवर्ड ॲपलटन आणि माइल्स बार्नेट यांनी बोर्नमथच्या बीबीसी ट्रान्समीटरची लहर ऑक्सफर्डला मोजून हे आकाशातलं छत खरोखर असल्याचं दाखवलं. ॲपलटनना पुढे १९४७चं नोबेल मिळालं. आपल्याकडे कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र यांनी १९३०च्या दशकात याच थरांचा अभ्यास उभा केला.

यातून आमच्या छंदाचं वेळापत्रक ठरतं. संध्याकाळी आपल्या आधी पूर्वेकडे अंधार होतो, म्हणून आधी पूर्वेची स्टेशनं येतात. पहाटे आपल्याकडे उजाडायला लागलं तरी पश्चिमेला अजून रात्र असते, म्हणून इराण आणि अरब देश शेवटपर्यंत टिकतात. मग ऊन चढतं आणि सगळं पुसलं जातं.

हे शास्त्र नीट कळायच्या आधीच लोकांनी याचा खेळ केला होता. अमेरिकेत १९२०नंतर रेडिओ स्टेशनं भराभर निघाली आणि घराघरांत रात्री जागून लांबचं गाव पकडायची चढाओढ लागली. अडचण एकच, गावातलं जोरदार स्टेशन चालू असलं की लांबचं काही ऐकू येत नाही. मग काही शहरांनी अजब तोडगा काढला. आठवड्यातून एक रात्र स्थानिक स्टेशनांनी गप्प बसायचं. शिकागोत ती सोमवारची रात्र असे. आपल्या माणसांना लांबचं ऐकू यावं म्हणून जवळच्याने तोंड मिटायचं! जाहिरातींचे पैसे यायला लागल्यावर ही पद्धत अर्थातच फार टिकली नाही. पण ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच काळात पुराव्याचीही हौस आली. शिकागोची एक्को नावाची कंपनी पोस्टाच्या तिकिटांसारखी रंगीत तिकिटं छापायची. तुम्ही स्टेशनला लिहायचं की अमुक वेळी तुमचा अमुक कार्यक्रम ऐकला, सोबत दहा सेंटचं नाणं. स्टेशन आपल्या नोंदींशी पडताळून पाहणार आणि खरं असेल तर आपल्या नावाचं तिकीट पाठवणार. ते अल्बममध्ये चिकटवायचं. आजही आम्ही स्टेशनला रिपोर्ट पाठवतो आणि उत्तरादाखल येणारं क्यूएसएल कार्ड जपून ठेवतो. फरक इतकाच की तेव्हा पुरावा म्हणजे ऐकणाऱ्याने वहीत लिहिलेले दोन शब्द, आता पुरावा म्हणजे फाईल.

१२० घरं, सहा मिनिटं

ही फाईल कशी तयार होते ते सांगते, कारण माझी चूक तिथेच झाली.

जुना रेडिओ एका वेळी एकच स्टेशन ऐकवतो. त्याला टेपरेकॉर्डर जोडला तरी कॅसेटवर एकच स्टेशन येणार. म्हणजे काय ऐकायचं ते आधी ठरवायचं आणि मग साठवायचं. २००७च्या सुमारास इटलीत तयार झालेला पर्सियस नावाचा रिसीव्हर बाजारात आला आणि ही रीत उलटी झाली. हा सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, आमच्या भाषेत एसडीआर. तो अँटेनातून येणारा सबंध पट्टाच आकड्यांत बदलून डिस्कवर लिहून ठेवायचा. नंतर कधीही ती फाईल उघडा आणि जणू ती रात्र पुन्हा चालू आहे अशा थाटात काटा हवा तिथे फिरवा. २०१२मध्ये टीव्हीच्या स्वस्त डोंगलमधूनही असा रेडिओ करता येतो हे लोकांच्या लक्षात आलं आणि विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडेल असा हा छंद झाला.

आपल्या भागात मध्यम लहरींची स्टेशनं ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झमध्ये नऊ-नऊच्या अंतराने बसवली आहेत. म्हणजे १२० घरं. माझा रिसीव्हर सेकंदाला वीस लाख नमुने घेतो, प्रत्येक नमुन्याचे चार बाइट. सेकंदाला ८ एमबी, तासाला २८.८ जीबी. तेरा तासांची पूर्ण रात्र साठवली तर पावणेचारशे जीबी. हे कुणालाच परवडणारं नाही.

म्हणून सगळे जण खिडक्या उघडतात. स्टेशनं आपलं नाव बहुधा तासाच्या ठोक्याला सांगतात (अमेरिकेत तर तसा नियमच आहे), तेव्हा ठोक्याच्या तीन मिनिटं आधीपासून तीन मिनिटं नंतरपर्यंत ऐकलं की पुष्कळदा काम होतं. भारतात यात एक गंमत आहे. आपलं घड्याळ ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे, त्यामुळे जगातल्या बहुतेक देशांचा पूर्ण तास आपल्याकडे ‘साडे’च्या ठोक्याला पडतो. इराणचं घड्याळ मात्र साडेतीन तास पुढे, त्यामुळे त्यांचा पूर्ण तास आपल्याही पूर्ण तासाला. दोन्ही सांभाळायचे म्हणून मी दर अर्ध्या तासाला खिडकी ठेवली. रात्रीच्या सत्तावीस खिडक्या. त्यातली पहाटे सहाची मुद्दाम मोठी, ५:५० ते ६:०५. कारण त्या वेळेला आकाशवाणीची केंद्रं उठतात.

तुम्ही ते कधी ऐकलं नसेल तर सांगते. आधी नुसती सरसर असते. मग एका क्षणी ती सरसर दबते, म्हणजे ट्रान्समीटर लागला पण अजून कुणी बोलत नाहीये. मग तंबोरा आणि त्यावर ती व्हायोलिनची ओळखीची धून. नाझींमुळे युरोप सोडून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या प्रागच्या ज्यू संगीतकाराची ती रचना मानली जाते. मग ‘वंदे मातरम्’. पुण्याचं ७९२, नागपूरचं ५८५, सांगलीचं १२५१, पणजीचं १२८७, अशी ही घरं पट्ट्यावर ठरलेली. हे आकडे मी आधी तक्त्यात वाचले, मग त्या धुनेने ते ओळखीचे झाले.

सगळं मिळून एका रात्रीचे सुमारे ८२ जीबी. पंधरा रात्रींचे बाराशेच्या वर. माझी डिस्क दोन टीबीची. म्हणून मी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. पंधरा दिवसांपेक्षा जुनी फाईल दिसली की पुसून टाक. शनिवारी मला काही सापडलं तर मी तो तुकडा कापून वेगळा ठेवते, बाकी सगळं पंधरा दिवसांनी जातं.

आता हा हिशेब पाहा. सहा मिनिटांच्या एका खिडकीत १२० घरं, म्हणजे बारा तासांचा आवाज. एका रात्रीत तीनशेच्या वर तास. माझ्याकडे असतो एक शनिवार. तेव्हा जे शोधायचं ते ठरवूनच फाईल उघडावी लागते. साठवताना न करावी लागलेली निवड मी पुसताना करत होते. फक्त ती मी स्क्रिप्टवर सोपवली होती.

मेणाचे सिलिंडर

रात्र साठवून नंतर तपासायची ही युक्ती एसडीआरवाल्यांची नाही. १९३९मध्ये महायुद्धाच्या तोंडावर बीबीसीने इंग्लंडमध्ये ईव्हशॅमजवळच्या वुड नॉर्टन या जागी परदेशी रेडिओ ऐकणारा विभाग उभा केला. ऐकणाऱ्यांमध्ये हिटलरच्या तावडीतून निसटून आलेले निर्वासित पुष्कळ होते, कारण शत्रूची भाषा त्यांची मातृभाषा होती. ते कानाला हेडफोन लावून बसायचे आणि प्रसारण मेणाच्या सिलिंडरवर कोरलं जायचं. मग तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकून टाइप करायचा. मेणाच्या सिलिंडरची सोय अशी की वरचा थर खरवडला की तो पुन्हा कोरा. म्हणजे ही माझीच स्क्रिप्ट, फक्त मेणावरची.

तिथल्या ऐकणाऱ्यांत एर्न्स्ट गॉम्ब्रिख होते. चित्रकलेच्या इतिहासावरच्या पुस्तकामुळे पुढे ते जगभर माहीत झाले, पण युद्धाची सहा वर्षं त्यांनी जर्मन रेडिओ ऐकण्यात काढली. १ मे १९४५च्या रात्री जर्मन रेडिओने महत्त्वाची घोषणा होणार असल्याचं सांगितलं आणि गंभीर संगीत लावलं. गॉम्ब्रिखनी ते ओळखलं. ब्रुकनरच्या सातव्या सिंफनीतला तो संथ भाग होता, वाग्नरच्या मृत्यूशी जोडलेला. त्यांनी अंदाज बांधला की हिटलर मेला असणार. घोषणा काय काय असू शकेल ते त्यांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर आधीच लिहून ठेवलं. शब्द कानावर पडताच त्यांनी योग्य चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि तिथून फोन लंडनला गेला.

गॉम्ब्रिख या अनुभवातून एक गोष्ट शिकले आणि ती त्यांनी पुढे चित्रं पाहण्यालाही लावली. खरखरीतून शब्द ऐकायचे तर काय बोललं जाऊ शकेल हे आधी माहीत असावं लागतं. माणूस अपेक्षेने ऐकतो. मात्र अपेक्षा फार पक्की झाली तर जे नाही तेही ऐकू येतं, आणि जे आहे ते निसटतं.

ईव्हशॅमच्या टाइप केलेल्या कागदांचे गठ्ठे आज इम्पीरियल वॉर म्युझियमकडे आहेत. शब्द टिकले, मेण खरवडलं गेलं.

पोलिसांची वही

असंच काहीसं मुंबईतही घडलं. ऑगस्ट १९४२मध्ये काँग्रेसचे पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी लपूनछपून रेडिओ सुरू केला. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. पोलिसांना माग लागू नये म्हणून ट्रान्समीटर या घरातून त्या घरात हलवत राहायचं. ऐंशीच्या आसपास दिवस हे चाललं आणि १२ नोव्हेंबरला प्रसारण चालू असतानाच धाड पडली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, ती त्यांनी येरवड्यात भोगली.

४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. आज ती जागा हॅम रेडिओवाल्यांच्या पट्ट्यात येते. पहाटे कधी तिथे काटा नेला तर माणसं एकमेकांना हवामान विचारत असतात.

काँग्रेस रेडिओवर त्या दिवसांत नेमकं काय बोललं गेलं हे आपल्याला आज वाचता येतं. कारण तो रेडिओ रोज नेमाने ऐकणाऱ्यांत सरकारचे लोक होते. पकडण्यासाठी ते ऐकत होते आणि लिहून घेत होते. ज्यांना तो आवाज बंद करायचा होता त्यांच्याच कागदपत्रांत त्याचे शब्द राहिले. बोलणारी मंडळी पळापळीत होती, त्यांनी जपायचं तरी कसं आणि कुठे?

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. जे बोलतात ते काय बोलायचं होतं ते जपतात, तेही जमलं तर. काय पोहोचलं, कसं पोहोचलं, कुठवर पोहोचलं, हे फक्त लांब बसलेला ऐकणारा जपू शकतो. स्टुडिओच्या टेपवर खरखर नसते.

माहेरचं स्टेशन

आपल्या घरांत लांबचं ऐकणं नवीन नव्हतं, फक्त त्याला कुणी छंद म्हणत नसे. १९५२मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कडवे पुरस्कर्ते असलेल्या या मराठी माणसाच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी मुकाट्याने काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. मुंबईपासून दीड हजार किलोमीटर लांबचं स्टेशन! अमीन सयानींची ‘गीतमाला’ मुंबईत रेकॉर्ड व्हायची, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून लघुलहरींवर परत आपल्याकडे यायची. १९५७मध्ये विविध भारती सुरू झाली तोवर अख्खी पिढी सरसरीतून गाणं वेचायला शिकली होती.

माझी आई त्या पिढीनंतरची, पण तिने ती सवय उचलली. तिच्या स्वयंपाकघरात फळीवर एक ट्रान्झिस्टर आहे. त्यावर ती पहाटे तिच्या माहेरच्या भागातलं आकाशवाणीचं एक छोटं केंद्र लावते. नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या घरापासून ते पुष्कळ लांब. उजाडलं की पुसट होतं आणि चहा गाळेपर्यंत जातं. म्हणून तिचा पहिला चहा अंधारात. बातम्या, बाजारभाव, एखादा अभंग आणि ओळखीच्या गावांची नावं. ती तेवढ्यासाठीच ऐकते. तिला मी कधी डीएक्सर म्हटलं नाही. ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता डिसेंबरकडे येते.

१३ तारखेच्या शनिवारी मी ९ तारखेची पाच पन्नासची फाईल उघडली. मला त्या दिवसांत एका इराणी स्टेशनची ओळख पटवायची होती. ज्या घरावर ते येतं तिथे पहाटे नेमकी आपल्याकडची एक लहर उठून त्याला झाकून टाकते, त्यामुळे सहाचा ठोका, म्हणजे तेहरानचे पहाटेचे साडेतीन नव्हे तर बरोबर चार, मला कधीच मिळत नव्हता. त्या फाईलमध्ये तो मिळाला. सहा वाजता ठोके पडले आणि फारसीत स्वच्छ घोषणा झाली. मी खुर्चीवरून उठून ओरडलेच. चाळीस सेकंदांचा तुकडा कापला, स्टेशनला रिपोर्ट पाठवला, आईला बोलावून हेडफोन तिच्या कानाला लावला. “हे इराण आहे, आई!” ती थोडा वेळ ऐकत राहिली. म्हणाली, “छान येतंय की.” आणि कुकरकडे गेली.

२० तारखेला पुन्हा घरी गेले. संध्याकाळी आई सहज म्हणाली, “अगं, माझ्या रेडिओला काय झालंय बघ ना जरा. माहेरचं लागतच नाही. मला वाटलं सेल गेले, म्हणून नवे घातले. तर तिथे काहीतरी परकंच बोलतात.”

“कधीपासून?”

“झाले की पंधरा-सोळा दिवस.”

मी तिचा ट्रान्झिस्टर हातात घेतला आणि काटा कुठे आहे ते पाहिलं. मग माळ्यावर गेले.

इराणी स्टेशनला झाकणारी ती लहर म्हणजे आईचं माहेरचं केंद्र. मध्यम लहरींचे ट्रान्समीटर देशभर एकेक करून बंद होत आहेत हे मला माहीत होतं. त्यांची वीज महाग आहे, यंत्रं जुनी आहेत, ऐकणारे कमी झाले आहेत, एफएम आणि ॲप आलं आहे. या कारणांशी माझं भांडण नाही. केंद्र चालू आहे, त्याचा आवाज आजही फोनवर लागतो. फक्त ती लहर गेली होती, आणि ती गेल्याच्या आनंदात मी आरोळी ठोकली होती. शिकागोच्या सोमवारसारखं, जवळचं गप्प झालं म्हणून मला लांबचं ऐकू आलं. त्यांचं जवळचं मंगळवारी परत बोलायचं, इतकाच काय तो फरक.

मी निदान शेवटची पहाट शोधायला बसले. आईसाठी कापून देऊ म्हटलं. फोल्डरमधली सगळ्यात जुनी फाईल ५ डिसेंबरची होती. त्याआधीच्या स्क्रिप्टने नियमाप्रमाणे पुसल्या होत्या. माझ्याकडे उरली ती नोंदवही. माझा प्रोग्राम प्रत्येक खिडकीत कुठल्या घरावर लहर आहे आणि कुठल्या नाही हे एका तक्त्यात लिहितो, आणि तो तक्ता काही किलोबाइटचा असल्यामुळे पुसला जात नाही. त्यात दोन ओळी सापडल्या. ३ डिसेंबर, २३:००, आहे. ४ डिसेंबर, ०५:५०, नाही.

ईव्हशॅमसारखंच. मेण खरवडलं गेलं आणि कागद राहिला.

राग स्क्रिप्टचा नव्हता, तिने सांगितलेलं केलं. मला खुपत होतं ते वेगळंच. माझ्याकडे १२० घरांची प्रत्येक पहाट होती. आईकडे एक ट्रान्झिस्टर आणि दोन सेल. लहर गेली हे तिला दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं आणि मला सोळा दिवसांनी, तेही तिने सांगितल्यावर. मी त्या फाईलमध्ये फारसी शोधत होते, म्हणून मला फारसी ऐकू आलं. मराठी नाहीये हे ऐकायला, मराठी असेल अशी अपेक्षा करणारा कान लागतो. तो घरात होता, खालच्या मजल्यावर.

चौदा एमबी

त्या रात्री मी साधा हिशेब केला. तो आधी का केला नाही याला माझ्याकडे उत्तर नाही.

सबंध पट्ट्याची पंधरा मिनिटं म्हणजे ७.२ जीबी. पण त्यातलं एकच घर काढून त्याचा नुसता आवाज ठेवला, रेडिओच्या प्रतीचा, सेकंदाला १६ किलोबाइट, तर तीच पंधरा मिनिटं १४.४ एमबीत बसतात. दहा केंद्रांची पहाट १४४ एमबी. वर्षभराच्या पहाटा ५३ जीबीच्या आत. म्हणजे मराठी ऐकू येणाऱ्या दहा केंद्रांचं उठणं वर्षभर रोज जपायचं, तर माझ्या एका रात्रीइतकीही जागा लागत नाही.

आता स्क्रिप्टमध्ये आणखी काही ओळी आहेत. पंधराव्या दिवशी पुसण्याआधी ती पाच पन्नासच्या फाईलमधून ही घरं कापून बाजूला ठेवते. ते तुकडे पुसायचा नियम नाही. दुसरं, आदल्या पहाटेपर्यंत असलेली लहर एखाद्या पहाटे आली नाही तर मला त्याच सकाळी फोनवर मेसेज येतो आणि त्या आठवड्याच्या फाईलींना कुलूप लागतं. डीएक्सिंगच्या हिशेबाने यात काहीच कमाई नाही. या तुकड्यांवर मला कुठलं स्टेशन कार्ड पाठवणार नाही. त्यांत सरसर आहे, उजाडताना आवाज वरखाली होतो, मध्येच कुणाच्या तरी पंपाची मोटर चालू झाल्याचा खरखराट आहे. पण ज्यांनी लांबून ऐकलं त्यांना ते असंच ऐकू येत होतं. ॲपवर कुठलंही स्टेशन लागत असताना हे कशाला, याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे. ॲपवर स्टेशन आहे, ते आईच्या फळीपर्यंत कसं यायचं ते नाही.

आईला मी तिचं केंद्र फोनवर लावून दिलं. ती ऐकते, पण दुपारी, काम करता करता. म्हणते, “यात आवाज जातच नाही गं, किती वेळ ऐकायचं ते कळत नाही.”

पहाटेचा ट्रान्झिस्टर तिने बंद केलेला नाही. काटा तिथेच आहे. कधी कधी त्यातून फारसी येतं, कधी नुसती सरसर. मी माझ्या यादीत दहा केंद्रं लिहिली तेव्हा अकरावं म्हणून तेही घर घातलं. रोज पाच पन्नासला संगणक ते कापून ठेवतो. त्या फोल्डरमध्ये ५ डिसेंबरपासूनच्या सगळ्या पहाटा आहेत.